चौथं वर्ष मी करणार आहे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मामांनी आणलेल्या स्थळाला सध्या नाही म्हणून कळवा. समाजशास्त्राचं चौथं वर्ष, म्हणजे संशोधनासह ऑनर्स, मी इथे अमरावतीलाच करायचं ठरवलं आहे. फोन स्पीकरवर असला की शेजारच्या काकूंपर्यंत सगळेच बोलतात, म्हणून हे लिहून कळवते आहे.

बाबा, तीन वर्षांत पदवी हातात येते, मग चौथं कशाला, असं तुम्ही म्हणाल. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असले तरच हे वर्ष संशोधनासाठी मिळतं. मला तेवढे आहेत. पुढे एम.ए. दोनऐवजी एका वर्षात होतं, म्हणजे एकूण वर्षं वाढत नाहीत. बी.एड.चा रस्ताही मोकळा राहतो. चौथ्या वर्षाच्या श्रेयांकांपैकी १२ एकट्या प्रबंधाला आहेत, आणि माझा जीव त्या प्रबंधातच अडकला आहे.

तुमच्या पेटीत शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला अजून आहे. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनाबद्दल मी लहानपणापासून तुमच्याकडून ऐकत आले. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: ज्या गावात शंभर शेतकरी बायकोच्या नावानं जमीन करतील, त्या गावात मी स्वतः येईन. तेव्हा तुम्ही नाल्याकडचं वावर आईच्या नावावर केलं. भाऊबंद काय म्हणतील याची पर्वा केली नाही. मला या गोष्टीचा फार अभिमान आहे.

माझा अभ्यास तिथूनच सुरू होतो. सातबाऱ्यावर बाईचं नाव चढलं, मग पुढे काय झालं? कापूस घरूनच व्यापाऱ्याला द्यायचा की राळेगावच्या बाजारात न्यायचा, हे कोण ठरवतं? पीककर्जाच्या कागदावर सही तिची, पण पैसा कुणाच्या हाती येतो? नवरा गेल्यावर ज्यांच्या नावावर आधीच वावर होतं त्या बायांना दिराजेठांपुढे उभं राहणं सोपं गेलं का? कितीजणींची नावं पुढच्या वाटणीत पुन्हा उतरली?

आणि एक अवघड गोष्ट. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. तरी आत्यानं हक्कसोडपत्रावर सही केली. तिला कुणी धमकावलं नव्हतं. आबांच्या जमिनीपेक्षा तिला दिवाळी-अक्षयतृतीयेला उघडं राहणारं माहेरचं दार मोठं वाटलं. आपल्या घरापुरतं पाहिलं तर हा आत्याचा चांगुलपणा. पण माझ्या वर्गातल्या विदर्भातल्या मुलींना विचारलं तर जवळजवळ प्रत्येकीच्या घरात अशी एक आत्या निघाली. इतक्या घरांत एकच गोष्ट घडते तेव्हा ती एका माणसाच्या स्वभावाची राहत नाही, त्यामागे समाजाचा न लिहिलेला नियम असतो. बाबा, मागच्या पोळ्याला तुम्ही विचारलं होतं, समाजशास्त्रात शिकता तरी काय? हा नियम शोधायला शिकतो. इरावती कर्वे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना देशभर हिंडून नातेसंबंधांचा अभ्यास करत होत्या. मला आपल्या तालुक्यातली चार-पाच गावं पुरतील.

यात तुमचा दोष काढायचा नाही. आत्याशी बोलण्याआधी तुमची परवानगी घेईन. ज्यांच्याशी बोलेन त्यांची खरी नावं आणि गावं प्रबंधात येणार नाहीत, आणि ज्या बाईला सांगायचं नसेल तिला दुसऱ्यांदा विचारणार नाही.

होस्टेलच्या खर्चाची काळजी करू नका. संध्याकाळी दोन शिकवण्या धरल्या आहेत. मेस त्यातून निघेल, बाकीचं दादाशी बोलले आहे.

आई, सगळ्यात आधी मला तुझ्याशी बोलायचं आहे. तुझं नाव लागलं त्या वर्षी तुला काय वाटलं, हे आपल्या घरात तुला कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. वेचणीच्या दिवसांत नको, तूर निघाली की मी आठ दिवस येते. तोवर साखरेची गोळी चुकवू नकोस, आणि वावरात जाताना बूट घाल.

बाबा, तलाठ्याकडून नाल्याकडच्या वावराची फेरफार नोंद काढून ठेवा. जुन्या बिल्लेवाल्या काकांनाही सांगा की मी येणार आहे. त्यांच्या घरच्या बायकांशी मला त्यांच्या पाठीमागे बोलायचं आहे, हेही त्यांना आधीच सांगा.

तुमची,
सुमी