पेठेच्या पंगतीतून पोरांचे बूट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फुटबॉलचा हंगाम जवळ आला की आपल्या कोल्हापूरच्या पेठांत रात्री उशिरापर्यंत एकच विषय असतो. यंदा कुणाचा संघ तगडा, बाहेरचा खेळाडू कोण आणला, बक्षीस किती लागलं. मी तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, संघातून आठ हंगाम शाहू स्टेडियमवर खेळलो आहे, त्यामुळे ही ईर्षा मला रक्तातून ठाऊक आहे आणि तिचा अभिमानही आहे. आता उद्यमनगरात लेथवरची पाळी संपली की मी गांधी मैदानावर १४ वर्षांखालच्या ३४ मुलामुलींना फुटबॉल शिकवतो. हे पत्र त्या पोरांच्या पायांतल्या बुटांविषयी आहे.

दोन वर्षांपूर्वी या ३४ जणांपैकी २२ जणांकडे बूट नव्हते. कुणी शाळेचे कॅनव्हास घालून यायचं, कुणी अनवाणी. पावसाळ्यानंतर मैदान खडबडीत होतं, खडे वर येतात. एका पोरीच्या अंगठ्याचं नख उखडलं, तरी तिने घरी सांगितलं नाही. सांगितलं तर खेळ बंद होईल, ही भीती. त्या वर्षी आम्ही एका दात्याकडे गेलो. त्यांनी मोठ्या मनाने होकार दिला, जर्सीवर नाव आणि फोटो छापून घ्यायला सांगितलं. जर्सी आल्या. बूट आणि प्रवासखर्च ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत हंगाम सरला. पोरं मला रोज विचारायची, सर, बूट कधी येणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकाच्या खिशावर संघ उभा केला की त्या खिशाच्या मर्जीवर पोरांचा खेळ चालतो, हे मी तेव्हा शिकलो.

म्हणून गेल्या जानेवारीत आम्ही मिसळीची पंगत घातली. रविवारची सकाळ, तालमीचा हॉल, ८० रुपयांचं कूपन. भांडी मंडळाचीच. २०१९ च्या महापुरात ज्या पातेल्यांतून पूरग्रस्तांसाठी जेवण शिजलं, तीच. २५ किलो मटकी आदल्या रात्री सात घरांत वाटून भिजवली. मिसळीचा कट, म्हणजे तिखट रस्सा, करायला पेठेतल्या दोन काकी पहाटे चारला उठल्या. आचारी लावला नाही. वाढायला आमचे जुने खेळाडू आणि ताटं गोळा करायला ही पोरंच, संघाची जर्सी घालून. कूपन विकायलाही पोरंच दारोदार गेली, पण प्रत्येकाबरोबर एक मोठं माणूस ठेवलं होतं. एका आजींनी कूपन हातात घेतलं आणि म्हणाल्या, “मिसळ राहू दे बाळा, मला तिखट सोसत न्हाई. पोरगी कुठं खेळतीया ते दाव मला.” त्या सोमवारी खरंच मैदानावर आल्या आणि कट्ट्यावर तासभर बसल्या.

६१२ कूपनं गेली. जमा ४८,९६० रुपये, खर्च १८,३४० रुपये, शिल्लक ३०,६२० रुपये. त्यातून २२ जोड बुटांना १५,४०० आणि ६ चेंडूंना ५,४०० गेले. उरलेल्या ९,८२० रुपयांत आंतरशालेय सामन्यांचा गाडीखर्च भागला. हे सगळे आकडे तिसऱ्या दिवशी तालमीच्या फळ्यावर खडूने लिहिले, शेजारी बिलं टाचणीने लावली. मटकी-कांद्यापासून गॅसच्या टाकीपर्यंत. फळा महिनाभर पुसला नाही. मला वाटतं, मिसळीपेक्षा त्या फळ्याने काम केलं. कारण वर्गणी मागायला गेलं की दारात पहिला प्रश्न ‘मागच्या वर्षीचं काय केलं?’ हाच येतो, आणि तो प्रश्न विचारण्याचा लोकांना पूर्ण हक्क आहे. यंदा तो कुणी विचारला नाही. एका रिक्षावाल्या मामांनी फळा वाचून आपणहून पाचशे रुपये आणून दिले आणि पावती मागितली. पावती लगेच दिली.

खेळाडूंसाठी लोकांनी पदर पसरणं कोल्हापूरला नवं नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला खाशाबा जाधवांना जायचं होतं तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, जिंकले आणि मिळालेल्या बक्षिसातून ते घर सोडवून दिलं. ही गोष्ट आपण सत्कारांत सांगतो. मला तिच्यातला मैदान भरवल्याचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कर्ज एका माणसाने काढलं होतं, फिटलं ते मैदानावर जमलेल्या गावाच्या साक्षीने. आपल्या जत्रांतही लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात आणि त्या रेवड्यांचा पैसा घराघरांतून आलेल्या वर्गणीचाच असतो.

इतर मंडळांना दोन गोष्टी कळकळीने सांगतो. पहिली, लकी ड्रॉच्या वाटेला जाऊ नका. दुचाकी ठेवून कूपनं खपवणं सोपं वाटतं, पण सरकारची मान्यता नसलेली सोडत कायद्यात बसत नाही, आणि लहान पोरांच्या हातून असली कूपनं विकून घेणं मला मुळातच पटत नाही. दुसरी, मंडळ नोंदणीकृत नसेल तर लोकांकडून पैसे गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयात जा. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी मंडळं सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली जी परवानगी घेतात ती आपल्याला माहीत आहे. पोरांच्या संघासाठी मात्र ‘एवढ्यासाठी कशाला’ म्हणून सोडून देतो. माझी विनंती आहे, आधी कार्यालयात विचारा, मगच पावतीपुस्तक छापा.

पंगत वर्षातून एकदाच जमते. काकींनाही दरवेळी पहाटे चारला उठवणं बरोबर नाही. म्हणून दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी पोरं गल्लीतून रद्दी गोळा करतात. आपल्या वर्तमानपत्राचे जुने अंकही त्यात असतात. त्यातून फार मिळत नाही, पट्ट्या, बर्फ, शिट्टी, कोन एवढं निघतं. पण दर महिन्याला निघतं. आणि रद्दी देताना लोक पोरांना नावाने हाक मारू लागले आहेत, विशेषतः मुलींना. सुरुवातीला आमच्याकडे ४ मुली होत्या, आज ११ आहेत. त्यांतल्या तिघींच्या आया पंगतीत वाढायला होत्या. पोरगी मैदानावर कुणाबरोबर असते, कोण शिकवतं, हे त्यांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या सांगण्याने हे झालं नसतं.

मोठ्या संघांच्या कारभाऱ्यांपुढेही एक मागणं ठेवतो. हंगामातल्या एका दिवसाच्या तिकिटाचे पैसे शहरातल्या लहान मुलांच्या संघांना द्यावेत. त्या दिवशी मोठ्या सामन्याआधी अर्धा तास पोरांना शाहू स्टेडियमच्या हिरवळीवर खेळू द्यावं. भरल्या गॅलरीसमोर. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला तेव्हा पेठापेठांत आपण सामने पाहत होतो. तसा पोरगा पुन्हा निघायचा असेल तर त्याच्या पायांत बाराव्या वर्षी बूट लागतात.

आणि संपादक महोदय, एक विनंती आपल्याला. मोठ्या सामन्यांच्या बातमीखाली १४ वर्षांखालच्या सामन्यांचे निकाल दोन ओळींत छापाल का? फोटो नसला तरी चालेल. गोल करणाऱ्याचं नाव मात्र असू द्या. ते कात्रण फळ्यावर हिशेबाशेजारी लावायला आम्ही जागा मोकळी ठेवली आहे.

आपला,
एक माजी खेळाडू, मंगळवार पेठ, कोल्हापूर