मठ आगीत गेला नाही

महोदय,

पोर्तुगालमधील पोर्तो शहराच्या साओ बेन्तो रेल्वे स्थानकावरील रविवार पुरवणीतला लेख वाचला. ‘१७८३च्या आगीत मठ नष्ट झाला आणि त्या जागी स्थानक आले’ हे त्यातले वाक्य चुकीचे आहे. आग लागली होती, पण तिच्यानंतर १०९ वर्षे तिथे नन राहत होत्या.

कॉन्व्हेंट म्हटले की आपल्याकडे गणवेशातली मुले डोळ्यांपुढे येतात. हा मात्र बेनेडिक्टाइन ननांचा मठ. राजा मानुएल पहिला याने तो १५१८ मध्ये स्थापला आणि रियो तिंतोसह आसपासच्या चार ग्रामीण मठांतल्या नन तिथे एकत्र आणल्या.

मठ संपवला तो कायद्याने. पोर्तुगालमधील यादवी युद्धात उदारमतवादी जिंकले आणि मे १८३४ मध्ये मंत्री जुआकिम आंतोनियो द आगियार यांनी धार्मिक संघ बरखास्त केले. लोकांनी त्यांना ‘साधूमार’ अशा अर्थाचे टोपणनाव दिले. पुरुषांचे मठ लगेच बंद झाले. स्त्रियांना कुणी बाहेर काढले नाही. फक्त नव्या ननांना प्रवेश बंद केला आणि शेवटची नन वारली की वास्तू सरकारजमा, असे ठरवले. साओ बेन्तोत ती वेळ १८९२ मध्ये आली.

तोवर जागेवर रेल्वेचा डोळा होताच. १८७७च्या मारिया पिया पुलावरून लिस्बनची गाडी दोउरू नदी ओलांडून येई, पण थांबे शहराच्या पूर्व कडेला, कांपान्याला. व्यापाऱ्यांना ती भर पेठेत हवी होती. मधल्या टेकड्यांतून बोगदे खोदले आणि ७ नोव्हेंबर १८९६ रोजी पहिली गाडी आली. आजची इमारत त्यानंतरची: वास्तुकार मार्केश द सिल्वा, उद्घाटन ५ ऑक्टोबर १९१६. लेखात ज्यांचे कौतुक आहे त्या चित्रकार जॉर्ज कोलासो यांच्या भिंतीवरच्या सुमारे २०,००० फरशा मठातल्या नव्हेत, स्थानकासाठीच रंगवलेल्या आहेत. मठाच्या नावातला संत बेनेडिक्ट (पोर्तुगीजमध्ये साओ बेन्तो) तेवढा स्थानकाला मिळाला.

याच धोरणाचा दुसरा अंक गोव्यात झाला, त्याचा लेखात उल्लेखही नाही. १८३५ मध्ये जुन्या गोव्यातला ऑगस्टिनियन साधूंचा मठ रिकामा केला गेला. देखभाल थांबली आणि १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले. उरलेला मनोरा पर्यटक आज पाहतात. समोरच्या सांता मोनिका या ननांच्या मठात मात्र पोर्तोसारखीच वाट पाहिली गेली. तिथली शेवटची नन १८८५ मध्ये वारली. ही वास्तू अजून उभी आहे, कारण राजधानी पणजीला गेल्यावर जुन्या गोव्यातल्या जागेला गिऱ्हाईकच नव्हते, असे आम्हाला वाटते. पोर्तोतला मठ शहराच्या मधोमध होता, म्हणून तो पाडला गेला.

आगीचे ते वाक्य निदान ई-आवृत्तीत तरी दुरुस्त करावे, ही विनंती.

— काही वाचक, पणजी