आधी वाचा, मग लिहा

संपादक महोदय,

वाचनाचा विषय निघाला की आमच्या खानदेशात लगेच कवयित्री बहिणाबाई चौधरींचा दाखला देतात: त्यांना कुठं लिहिता-वाचता येत होतं? खरंय. पण १८८० साली असोद्यात जन्मलेल्या या माउलीच्या कानांवर जात्यावरच्या ओव्या, सणावारांची गाणी सतत पडत होती. ते ऐकणं हेच तिचं वाचन. आमचे बरेच नवे कवी वाचतात ते मोबाइलवर एकमेकांच्या चारोळ्या. मग कवी जळगावचा असो की शहाद्याचा, कवितेत तोच चंद्र, तोच पहिला पाऊस. केळीचा घड, कापसाची वेचणी कुठंच नाही! बालकवी धरणगावचे, नेमाडे सांगवीचे. दोघांना सलग वाचलं तरी आपली वाक्यं बदलू लागतात. तालुक्याच्या वाचनालयांनी कविसंमेलनाआधी महिनाभर वाचनाच्या बैठका घ्याव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, अमळनेर