मा. आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: आम्हाला ऐकायला वेळ द्या

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात बारा वर्षं आशा म्हणून काम करते. मानधनाचं आमच्या संघटना बोलतातच. मला दुसरं सांगायचं आहे.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका घरी तिशीवरच्यांचा बीपी-शुगरचा फॉर्म भरायला गेले. घरची बाई ओट्यावर कवडी, म्हणजे किडका कापूस, निवडत बसली होती. मी विचारत गेले, ती ‘नाही, नाही’ म्हणत गेली. फॉर्म पिशवीत टाकला, चपला घातल्या, तेव्हा ती नवऱ्याबद्दल हळूच म्हणाली, “बाई, यायले झोप नाही लागत. रातच्यानं उठून वावरात जाऊन बसतेत.”

मला अजून सहा घरं करायची होती. तरी परत बसले. बोलले काहीच नाही, तिच्यासोबत कवडी निवडत राहिले. मग एकेक निघालं. बोंडअळी, सोसायटीचं कर्ज, आणि फवारणीचं औषध घरात कुठे ठेवलंय तेही. त्याच संध्याकाळी तो डबा दिराच्या घरी कुलपात गेला. चौथ्या दिवशी आम्ही त्यांना डॉक्टरकडे नेलं.

मी तशीच निघाले असते, तरी माझा फॉर्म पूर्ण भरलेलाच होता.

शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी सरकारने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला, आता १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबरही आहे. हे चांगलंच झालं. पण जो माणूस बायकोजवळ तोंड उघडत नाही, तो आपणहून फोन कुठून लावणार? अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात गावचेच कार्यकर्ते लोकांशी बोलू लागले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे दीड वर्षात साधारण ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. म्हणजे आपल्याच मातीत हे जमलेलं आहे.

आमच्या प्रशिक्षणात फॉर्म कसा भरायचा ते शिकवतात. समोरचा बोलताना गप्प कसं राहायचं, हे कोणी शिकवलं नाही. मीही कित्येक वर्षं ‘टेन्शन नका घेऊ’ म्हणत आले आणि लोक तिथेच थांबत गेले. ऐकण्याचं प्रशिक्षण द्या, वऱ्हाडीत, एकमेकींसमोर बसवून सराव करून घ्या. फक्त बोलायला म्हणून केलेली दुसरी भेटही कामात धरा, तिचाही मोबदला द्या.

आणि पुढचा फॉर्म छापाल तेव्हा खाली दोन ओळी कोऱ्या सोडा: ‘निघताना काय म्हणाल्या?’

आपली,
एक आशा सेविका