ससा मेला नाही, म्हणून गुन्हा नाही?

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी माण तालुक्यातला शेतकरी. गावामागच्या माळावर पहाटे जातो तो सशांसाठी. गेल्या पौषात कुसळीच्या ठोंबापाशी, चार पावलांवर, ढेकळाला नाक फुटल्यासारखं वाटलं. कान पाठीला चिकटवून ससा बसला होता. डोळा सताड उघडा, नाकपुडी तेवढी हलत होती. आणखी एक पाऊल टाकलं आणि तो उडाला. मानेवरचा काळा डाग क्षणभर दिसला. तो बसला होता त्या खळग्यात हात ठेवला, माती अजून उबदार होती. आपला रानससा बीळ करत नाही. पिल्लंसुद्धा उघड्यावरच होतात, अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊन.

ज्वारी निघून रानं मोकळी झाली की रात्री मोटारसायकली येतात. डोक्याला बॅटऱ्या, साखळीला कारवानी कुत्री. उजेडात डोळे चमकले की साखळी सुटते. पैजा लागतात, मोबाईलवर शूटिंग चालतं. 'ससेहोलपट' हा शब्द आपण बदली-बढतीच्या कटकटीलाही वापरतो. खरी कशी असते ते मी दोनदा पाहिलंय.

दुसऱ्या वेळी तक्रार केली. "मेलेला ससा आहे का? मुद्देमालाशिवाय केस कशी करायची?" असं उत्तर मिळालं.

साहेब, माझं म्हणणं एवढ्यापुरतंच आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २(१६) मधली शिकारीची व्याख्या काढून बघा. मारणं त्यात आहेच. पण पकडणं, कुत्री सोडून पाठलाग करणं, फासे लावणं, हुसकणं हेही आहे, आणि नुसता प्रयत्नसुद्धा. ससा निसटला तरी शिकार झालीच, आणि ती कलम ९ नुसार बंद आहे.

हे फील्डवरच्या माणसांना लेखी कळवा, आणि सुगीनंतर माळाला रात्रीची गस्त द्या. कुत्र्यांवर माझा राग नाही. मेंढरांमागची कुत्री लांडग्यासाठी लागतातच, आणि कारवानी पाळणं ही आमच्याकडची जुनी हौस आहे. खुशाल पाळावीत, सशामागे सोडू नयेत.

गस्तीची गाडी आली तर वाट दाखवायला मी येईन. ओढ्यापलीकडे जीप कुठे रुतते ते मला ठाऊक आहे.

आपला,
माण तालुक्यातला एक शेतकरी