तक्त्यात मुलांचं वय कुठे आहे?

संपादक महोदय,

मुलांमधील बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणानुसार देशांची क्रमवारी लावणारा तक्ता आपल्या अंकात पाहिला. मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घेण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे आधी वय शोधलं. ते तक्त्यात कुठेच नव्हतं.

सौम्य अक्षमता तीन वर्षांच्या मुलात सहसा कळतच नाही. शाळेत वाचन, गणित सुरू झालं की ती उघडी पडते. एका देशानं पाच वर्षांखालची मुलं मोजली आणि दुसऱ्यानं दहा वर्षांची, तर दुसऱ्याचा आकडा मोठा येणारच.

मुलं शोधायची रीतही सगळीकडे वेगळी. अमेरिकेत अटलांटा परिसरात आठ वर्षांच्या मुलांची शाळेतली आणि दवाखान्यातली कागदपत्रं तपासून नोंद ठेवतात. बांगलादेश, जमैका आणि पाकिस्तानात झालेल्या पाहणीत दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन पालकांना दहा प्रश्न विचारले गेले आणि ज्यांच्याबद्दल शंका आली त्यांची पुढे तज्ज्ञांनी तपासणी केली. कागदावर कधीच न आलेलं मूल पहिल्या रीतीत निसटतं. हे दोन आकडे एकाखाली एक कसे मांडता येतील?

आणि ज्या बुद्ध्यांकाखाली अक्षमता मानायची ती रेषा कुठे आखायची? अमेरिकेतल्या या क्षेत्रातल्या प्रमुख संघटनेनं १९७३ साली ती ८५ वरून ७० वर आणली. संभाव्यतेच्या हिशेबानं ८५ खाली सुमारे १६ टक्के लोक येतात, ७० खाली जेमतेम सव्वादोन. मुलं तीच राहिली, लाखोंच्या कपाळावरचा शिक्का तेवढा पुसला गेला. शिवाय नुसता बुद्ध्यांक पुरत नाही, रोजचे व्यवहार जमतात का हेही पाहावं लागतं. ६८ बुद्ध्यांकाची दोन मुलं मला चांगली आठवतात. एक सायकल पूर्ण खोलून पुन्हा जोडायचा, दुसऱ्याला शर्टाची बटणं लावता येत नव्हती. चाचणीची प्रमाणकं, म्हणजे ज्या सरासरीशी मुलाच्या गुणांची तुलना होते ती, जुनी झाली की गुण आपोआप चढतात, हे आणखी वेगळंच. त्यात शिरलो तर पत्र लांबेल.

म्हणून देशादेशांतला फरक सगळा कागदी आहे, असं मी म्हणत नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये निघालेला अंदाज हजारी साधारण दहाचा होता आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत तो श्रीमंत देशांच्या जवळपास दुप्पट होता. आयोडीनची कमतरता, जन्मताना प्राणवायू न मिळणं, उपचाराविना राहिलेली कावीळ, मेंदूज्वर ही कारणं खरी आहेत आणि पुष्कळशी टाळता येण्याजोगी आहेत. उलट काही ठिकाणी आकडा लहान दिसतो, कारण तीव्र अक्षमतेची मुलं मोजणीच्या वयापर्यंत जगतच नाहीत. तो देश आपल्या तक्त्यात ‘चांगला’ ठरतो!

जागतिक अंदाजांमधले कित्येक आकडे तर पाहणी न झालेल्या देशांचे असतात. इतर देशांच्या माहितीवरून आणि उत्पन्नासारख्या गोष्टींवरून संगणकीय प्रारूपानं ते काढलेले असतात. छापताना मात्र ते मोजलेल्या आकड्यांच्या पंक्तीत बसतात.

पुढच्या वेळी क्रमांकाचा रकाना काढून त्या जागी वयोगट, मोजणीची रीत आणि आकडा मोजलेला की अंदाजे, एवढं छापावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त मानसशास्त्रज्ञ