मुदत न पाळणारा ताप

म्वांझा, टांझानिया
दि. ९ जुलै

तीर्थरूप बाबांस,
सविताचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी घाईघाईत दोन वाक्यांत दिले आणि फोन ठेवल्यापासून ते अपुरे वाटत राहिले आहे. मुदतीच्या तापावर, म्हणजे टायफॉईडवर, औषधाचा पूर्ण कोर्स होऊनही तो ताप पुन्हा पुन्हा का उलटतो आणि त्यात जंतांचा संबंध कुठून आला, असे तुम्ही विचारले होते. गुहागर तालुक्यात आरोग्य सेवक म्हणून तीस वर्षे वाड्यावाड्या पायी फिरलेल्या माणसाला हे नीट कळायला हवे, म्हणून सविस्तर लिहिते. तिकडे आता लावणीची घाई असेल. सवडीने वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

म्वांझा ज्याच्या काठावर आहे त्या व्हिक्टोरिया सरोवराला सरोवर म्हणायचे ते केवळ पाणी गोडे आहे म्हणून. त्याचा विस्तार ६८,००० चौरस किलोमीटरहून अधिक आहे आणि काठावर उभे राहिले तर पलीकडचा तीर दिसत नाही. काठच्या गावांत सकाळी गेले की मला आपल्याच एखाद्या बंदरावर आल्यासारखे वाटते. काळोख्या रात्री दिवे लावून पकडलेली ‘डागा’ नावाची बोटभर मासळी बायका जाळ्यांवर पसरून वाळवत असतात आणि तिचा वास थेट आपल्या सुकटीची आठवण करून देतो. होड्या ओढणे, पाणी भरणे, भांडी घासणे, कपडे धुणे, पोहणे, सगळे त्याच पाण्यात चालते. काठच्या लव्हाळ्यांत आणि शेवाळात बारीक गोगलगाई असतात. उन्हे चढली की त्यांच्या अंगातून शिस्टोसोमा नावाच्या जंताच्या अळ्या पाण्यात सुटतात, आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या धडधाकट कातडीतून काही मिनिटांत आत शिरतात. त्यासाठी पायाला जखम असावी लागत नाही. इकडे या रोगाला ‘किचोचो’ म्हणतात.

आपल्याकडे ज्यांना आपण जंत म्हणतो ते आतड्याच्या पोकळीत राहतात. हा जंत रक्तात राहतो, आणि पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. नराच्या अंगाला पन्हळीसारखी लांबट खोबण असते, तिच्यात बारीक मादी कायमची वसलेली असते, आणि अशी जोडी आतड्याभोवतीच्या शिरांमध्ये तीन वर्षांपासून दहा वर्षांपर्यंत रोज अंडी घालत राहते.

मार्चमध्ये अशाच एका गावातून एक बाई आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्या केंद्रात आली. मुलाला अडीच महिने ताप येत होता. औषध चालू असेपर्यंत तो उतरायचा आणि औषध संपले की पंधरवड्याच्या आत परत यायचा. टायफॉईडला इकडे ‘होमा या माटुंबो’, म्हणजे पोटाचा ताप, असे म्हणतात, आणि त्याच्यावरच्या गोळ्या गावातल्या ‘दुका ला दावा’मधून आणतात. (हे शब्द कानावर पडले की आपलेच दुकान आणि आपलीच दवा वाटते.) तिसऱ्या आठवड्यातला टायफॉईडचा रोगी कसा ग्लानीत पडलेला असतो, हे तुम्ही कितीतरी घरांत पाहिले आहे. हा मुलगा मात्र स्वतः चालत आला होता. चेहरा फिकट, हातापायांच्या काड्या, पोट पुढे आलेले, पानथरी (प्लीहा) चार बोटे खाली उतरलेली, अंगात १०२ ताप, आणि तरीही तो खेळायला निघाल्यासारखा दारात उभा होता.

आमच्यापैकी प्रत्येकाने, आणि त्यांत मीही होते, त्या बाईला पहिला प्रश्न विचारला तो हाच, की गोळ्या पूर्ण दिल्या होत्या का. ती हो म्हणाली आणि आमचा तिच्यावर विश्वास बसला नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने अंगावरच्या खांगाच्या, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या कापडाच्या, टोकाची गाठ सोडली. आजी पदराच्या टोकाला सुटे पैसे बांधायची, अगदी तशी ती गाठ होती. तिच्यातून तिने सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या रिकाम्या पट्ट्या काढल्या, टेबलावर एकीशेजारी एक मांडल्या आणि प्रत्येक फुटलेल्या खळग्यावर बोट ठेवून मोजून दाखवल्या. एकही गोळी उरलेली नव्हती. बाबा, त्या क्षणी मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही. आजार उलटला की दोष आधी घरच्या बाईच्या माथी मारायचा, ही आपल्या खात्याची सवय तिकडेही आहे आणि इकडेही.

त्या दिवशी मी मुलाचे रक्त कल्चरला, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून पाहायला, लावले. टायफॉईडसाठी करतात ती रक्ताची विडाल तपासणी मी केली नाही, कारण जिथे टायफॉईड सतत वावरत असतो तिथे तिच्यावर विसंबणे मला पटत नाही. दोन दिवसांत कल्चरमध्ये साल्मोनेला, म्हणजे टायफॉईडच्या कुळातला जिवाणू, वाढला, आणि प्लेटवर सिप्रोफ्लॉक्सासिनची चकती ठेवल्यावर तिच्याभोवती तो स्वच्छ मेला. म्हणजे जिवाणू औषधाला दाद देणारा होता, औषध खरे होते, आणि ते पोटात गेलेही होते.

मग शौचाचा नमुना पाहिला. ही पद्धत मी तुम्हाला एकदा सांगितली होती. नमुना बारीक जाळीतून दाबून घ्यायचा, ४१.७ मिलिग्रॅम मावेल एवढ्या भोकाच्या पट्टीने काचेवर ठेवायचा आणि वर ग्लिसरीनमध्ये भिजवलेला सेलोफेनचा हिरवट तुकडा दाबायचा. थोड्या वेळाने सगळे पारदर्शक होते आणि अंडी दिसू लागतात. या जातीचे अंडे साळीच्या दाण्यासारखे लांबट असते, फक्त साळीला कुसळ टोकाला असते आणि याला काटा कुशीवर असतो. एकदा पाहिले की विसरता येत नाही. त्या एका काचेवर मी ३८ मोजली. त्याला २४ ने गुणले की एका ग्रॅममागे ९१२ होतात, आणि ४०० च्या वर गेले की लागण तीव्र समजतात.

आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. साल्मोनेलाच्या अंगावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. त्यांच्या साहाय्याने तो या जंताच्या कातडीला घट्ट चिकटतो आणि जंताच्या आतड्यातही वस्ती करतो. मोकळे जिवाणू प्रतिजैविकाच्या ज्या मात्रेने मरतात, त्याच मात्रेत जंताला चिकटलेले जिवाणू तगून राहतात, हे प्रयोगशाळेत दाखवून झाले आहे. म्हणून गोळ्या सुरू केल्या की रक्तात मोकळे फिरणारे जिवाणू मरतात आणि ताप उतरतो. गोळ्या संपल्या की जंताच्या अंगावरचे जिवाणू पुन्हा रक्तात येतात, आणि जंत रक्तातच बसलेला असल्यामुळे त्यांना कुठे लांब जावे लागत नाही. वारूळ तसेच ठेवून भिंतीवरची वाळवी झाडत राहावे, तसे ते औषध आहे. त्याशिवाय शरीराची प्रतिकारशक्ती वर्षानुवर्षे जंताशी झुंजण्याच्या पद्धतीकडे झुकलेली असते, त्यामुळे पेशींच्या आत लपणाऱ्या जिवाणूंवर तिचा जोर कमी पडतो. रोगी महिनोन्‌महिने तापतो, पण टायफॉईडसारखा कोसळत नाही, याचेही कारण या दोघांच्या सहवासातच आहे.

यात नवे काही नाही, आणि माझा जीव तुटतो तो त्यामुळेच. कैरोमध्ये थिओडोर बिल्हार्झ यांनी हा जंत १८५१ मध्ये शोधला. विसाव्या शतकाच्या मध्यापासून इजिप्तमधल्या आणि ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी असे लांबलेले साल्मोनेलाचे ताप पाहिले, नोंदवले, आणि जंताचे औषध दिल्याशिवाय ते हटत नाहीत हेही लिहून ठेवले. तरी खेड्यातल्या केंद्रावर तापाची वही वेगळी आणि जंतांची वही वेगळी असते. एकाच मुलाचे नाव दोन्ही वह्यांत असते आणि ती दोन पाने शेजारी ठेवून कोणी वाचत नाही.

मुलाला सेफ्ट्रिअॅक्सोन या प्रतिजैविकाची इंजेक्शने सुरू केली आणि त्याच आठवड्यात या जंताचे औषध, प्राझिक्वांटेल, दिले. त्याची मात्रा ठरवायला इथे वजनकाटा लागत नाही, खुणा केलेली एक काठी असते. मुलाला तिच्याशी पाठ लावून उभे करायचे आणि डोके ज्या खुणेला लागेल तेवढ्या गोळ्या द्यायच्या. हा १३० सेंटिमीटर भरला, म्हणजे ६०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या. गोळी मोठी आणि कडूजहर असते, म्हणून आधी उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, पोटभर खायला घातला. हे औषध कोवळ्या जंतांना मारत नाही, त्यामुळे सहा आठवड्यांनी पुन्हा दिले. ताप पहिल्या आठवड्यात गेला तो अजून आलेला नाही. मागच्या मंगळवारी आई आणि मुलगा दोघेही येऊन गेले. पानथरी आता बोटाला जेमतेम लागते. पाण्यात जाऊ नको, असे मी त्याला सांगितले नाही, कारण त्याच्या घरची चूल त्याच पाण्यावर पेटते. दर वर्षी शाळेत गोळ्या देतात त्या दिवशी शाळा चुकवू नको, एवढेच सांगितले.

आईने विचारले होते की आपल्याकडे १० फेब्रुवारीला शाळेत मुलांना जंतनाशक गोळी देतात, ती इथे का देत नाहीत. आईला सांगा, ती अल्बेंडाझोलची गोळी आतड्यातल्या जंतांसाठी आहे आणि ती इथेही देतात, पण रक्तातल्या या जंतावर तिचा काही परिणाम होत नाही. त्याला प्राझिक्वांटेलच लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ मध्ये जगात २५ कोटींहून अधिक लोकांना या औषधाची गरज होती, आणि त्यांतले दहांतले नऊ आफ्रिकेतले होते.

आणखी एक गोष्ट, तिकडच्यासाठी. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा धाग्यासारखा जंत अनवाणी पायांतून शिरतो आणि माणसात दशकानुदशके गुपचूप राहतो. अशा माणसाला दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड दिले की त्याच्या अळ्या बेसुमार वाढतात, आतड्याची भिंत भेदून अंगभर पसरतात आणि जाताना आतड्यातले जिवाणू रक्तात आणि कधी मेंदूच्या आवरणापर्यंत घेऊन जातात. शेजारच्या काकांना स्टेरॉइड सुरू करणार आहेत असे आई म्हणाली. त्यांचा जन्म शेतात गेला आहे, तेव्हा त्याआधी डॉक्टरांना या जंताबद्दल विचारायला त्यांना आवर्जून सांगा.

शेवटी माझे एक काम आहे, आणि ते तुमच्याशिवाय कोणी करू शकणार नाही. गिमवीचे नाव तुम्हाला सांगायला नको. माणसांतला शिस्टोसोमा आपल्या देशात आहे, हे १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी आपल्याच तालुक्यातल्या त्या गावावरून दाखवून दिले. तिथली गोगलगाय टोपीसारख्या कवचाची, चिमुकली; रोग लघवीवाटे रक्त जाण्याचा. इजिप्तमध्ये नेमक्या याच प्रकारच्या रोग्यांच्या लघवीतून टायफॉईडचे जिवाणू महिनोन्‌महिने जात राहत, असे दिसले होते. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा तिथले म्हातारे तुम्हाला जुन्या गोष्टी सांगायचे, असे तुम्ही म्हणाला होतात. माळ्यावरच्या लोखंडी पेटीत तुमच्या दौऱ्याच्या डायऱ्या आहेत. पाऊस ओसरला की त्या उन्हात घाला आणि गिमवी आणि आसपासच्या वाड्यांची पाने पाहा. औषध घेऊनही ताप उलटलेला कोणी होता का, त्याला लघवीतून रक्त जात होते का, तो कुठल्या पऱ्ह्यावर आंघोळीला जायचा, हे जसे लिहिलेले असेल तसे मला कळवा. नावे वगळा, बाकी सगळे हवे आहे.

आईच्या गुडघ्यांना जपा. पुढच्या पत्राची वाट पाहते.

तुमची,
सविता